पोटावरची गुळगुळीत जागा

फ्रिजची घरघर थांबली तेव्हाच कळलं की इतका वेळ ती चालू होती. मग जी शांतता पसरली तिच्यात आतल्या खोलीतून आवाज आला, टक. जरा थांबून पुन्हा, टक. खडा दाताला लागावा तसा. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. हातात काही नव्हतं, गॅसवर काही नव्हतं, आणि दुपारचा हा तुकडा मी सकाळपासून मुठीत धरून इथवर आणला होता. मुलगी झोपली की काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं बसायचं, कुणाच्याही उपयोगी पडायचं नाही, एवढाच बेत. पण ती झोपली नव्हती. मी उठून आत गेले तर ती पलंगावर मांडी घालून बसलेली, खुर्ची कपाटाला ओढून लावलेली, कपाटावरचा डबा उघडा, आणि डब्यातला प्लास्टरचा मासा ती समोरच्या दोन दातांवर आपटून बघत होती. अंगठ्याएवढा मासा. टक.

"ह्याला चव नाही," ती म्हणाली.

तिला खरं नाव आहे, पण चालायला लागल्यापासून ती घरभर माझ्या मागे असते, मोरीचं दार लावलं तर दाराबाहेर बसून गाणी म्हणते, म्हणून तिच्या बापाने तिला शेपूट म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. आईचं शेपूट. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मलाही वाटते, संध्याकाळी पाचपर्यंत तरी.

"ठेव तो. फुटेल."

"हा बाबा मासा ना? मोठ्या दिवेवालीच्या पोटावर चिकटलेला?"

"हा नमुना. चिकटलेला तिकडे आहे."

"तूच केलेला ना?"

"मीच."

"मग आपण बघायला कधी जायचं? तू उद्या म्हणाली होतीस."

उद्या मी बरेचदा म्हणाले होते. थंडी आहे, उद्या जाऊ. तुला खोकला आहे, उद्या जाऊ. बंदराच्या बागेत दिवेवालीचा पुतळा उभा राहून किती दिवस झाले हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, माझ्या घरात रोज झोपताना तिची गोष्ट होत होती, आणि मी तिला ब्राँझमध्ये अजून एकदाही पाहिलं नव्हतं. अनावरणाच्या दिवशी हिला ताप होता. नवरा म्हणाला, तू जा, मी आहे ना, आणि माझा एक हात कोटात गेलेला असताना त्याचा फोन वाजला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. "लोक अडकलेत गं," तो म्हणाला. ह्या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये माणसं उभी आहेत म्हटल्यावर आपण कोटातला हात बाहेर काढतो. माझं काम कधीच कुठल्या दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं नसतं. ते आपलं तळमजल्यावर, दार उघडं ठेवून, वाट बघत असतं.

"चल," मी म्हणाले. "आत्ता चल."

हे मी प्रेमाने म्हटलं नव्हतं. माझी दुपार गेली होती, आणि गेलेल्या दुपारचं दुसरं काय करतात मला माहीत नव्हतं. शेपटीला मात्र रागातलं आणि लाडातलं चल सारखंच. तिने बूट उलटसुलट पायांत घातले, मासा मुठीत घेतला, आणि जिन्यावर माझ्या पुढे उतरू लागली.

माझा राग मनगटात असतो. कुणाचा डोक्यात जातो, कुणाचा नाकावर बसतो. आई म्हणायची हिचा नाकावर आहे, पण तिला मनगटं दिसत नव्हती. मातीकाम सुरू केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या रागाचा उपयोग होतो. शाडूचा गोळा फळीवर आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा, आतली हवा निघेपर्यंत. सर म्हणायचे, हवा हिच्याकडे द्या, ही एका फटक्यात काढते. सर म्हणजे ज्यांच्या कार्यशाळेत मी काम करायचे ते शिल्पकार. मोठी कामं घेणारे, चौकातले घोडे, इमारतींच्या दारातली माणसं. आम्ही चौघं-पाचजण त्यांच्या हाताखाली. पाटीवर त्यांचं नाव लागतं आणि लागायलाच हवं. त्याचा मला राग नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला तेच वाटतं. नवऱ्यालाही. "तुझं नाव घातलं नाही म्हणून ना?" असं तो इतक्या समजूतदारपणे विचारतो की त्याला एखाद्या लिफ्टमध्ये घालून बटण काढून ठेवावंसं वाटतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शेपटीने मासा काचेला लावून त्याला बाहेरचं दाखवलं. "ह्याला दिसतं का?"

"सुरुवातीला दिसतं. मोठे डोळे असतात त्याला."

"मग?"

"तुला माहीत आहे मग."

"सांग तू."

मग मी सांगितलं, बसच्या आवाजावर आवाज चढवून, जसं रोज सांगते तसंच, कारण शब्द बदललेला तिला चालत नाही. खूप खोल पाणी असतं. इतकं खोल की उजेड अर्ध्या वाटेतच दमून परत जातो. तिथे दिवेवाली राहते. तिच्या कपाळावर एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला दिवा. दिवा फक्त बाईमाणसाला. बाबा मासा एवढुस्सा असतो, तो अंधारात पोहत पोहत तिचा वास घेत येतो, कारण एवढ्या पाण्यात पुन्हा भेट व्हायची खात्री नसते, आणि भेटली की तिच्या पोटाला चावून धरतो. सोडतच नाही. मग हळूहळू त्याचा ओठ तिच्या कातडीत विरघळतो. मग त्याचं रक्त आणि तिचं रक्त एक होतं.

"मग त्याचे डोळे जातात," शेपूट म्हणाली. ही तिची ओळ.

"मग त्याचे डोळे जातात."

"मग तो बघतो कसा?"

"ती बघते."

"खातो कसा?"

"ती खाते."

"मग तो काय करतो?"

"असतो."

पुढच्या बाकावरची बाई वळून बघून हसली. पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा नवराही असाच हसला होता. "नुसता असतो? नोकरी बरी आहे. कुठे अर्ज करायचा?" मी तेव्हा पोटुशी होते, पाय उशीवर ठेवून पडले होते, आणि हसले होते. खरंच हसले होते, ते खोटं नव्हतं. नंतर कितीतरी वेळा, हिला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने दूध ओतताना, तो मोजे शोधत मागून येऊन "अगं, माझे..." म्हणाला की मला ते हसू आठवायचं आणि परत घ्यावंसं वाटायचं. तो वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तो मोजे सापडले की थँक्यू म्हणतो.

सरांनी माशाचा फोटो आणला तेव्हा आम्ही सगळे त्याभोवती गोळा झालो होतो. सगळे त्याला "तो" म्हणत होते. तो बघ कसा जबडा वासून बसलाय, त्याचे दात बघ. मी घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले की ही मादी आहे, दिवा असलेली प्रत्येक मादीच असते. सर म्हणाले, "वा, छान, तर मग पोट जरा भरदार करू." तेवढ्यावर सगळं संपलं. लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर जाळी, जाळीवर माती. तोंड सरांनी केलं, दात दोघांनी वाटून घेतले, आणि पोट माझ्याकडे आलं, कारण पोटाखाली आडवं पडून काम करावं लागणार होतं आणि मी सगळ्यांत बारीक होते. काही आठवड्यांनी तशी राहिले नाही. पण तोवर पोट माझं झालं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी फळीवर पाठ टेकून तिच्याखाली सरकायचे. ओल्या मातीचा वास, वरून एखादा थेंब गळ्यावर पडायचा, बाहेर कुणीतरी पत्रा कापत असायचं, आणि तिचं पोट माझ्या पोटापासून वीतभर वर. एकदा हिने आतून पहिल्यांदा लाथ मारली ती तिथेच. माझा हात वर दिवेवालीच्या पोटावर होता आणि क्षणभर मला कळलंच नाही की हललं ते कुठलं.

नर मी लावला तो माझ्या तिथल्या शेवटच्या दिवशी. शेवटचा आहे हे अर्थात माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, फोटोत नव्हता, सरांच्या आराखड्यात नव्हता. घरी आधी प्लास्टरमध्ये करून बघितला, मग मातीत केला, आणि पोटाच्या मागच्या बाजूला, शेपटीकडे, अशा ठिकाणी बसवला की मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय दिसू नये. लहान मूल मात्र सरळ चालत आलं तर त्याच्या नाकासमोर येईल. ओठ कातडीत विरघळवला. सांधा दिसूच दिला नाही, त्यालाच अर्धा दिवस गेला. डोळा ठेवला, जायच्या बेतात असलेला, काडीच्या टोकाने टोचलेला. सगळ्या माशात तेवढीच एक गोष्ट अशी होती की जी मी करायची ठरवली म्हणून झाली. संध्याकाळी घरी आल्यावर मला रक्त दिसलं. मग डॉक्टर, मग पलंग, मग उशीवर पाय, मग ही, मग दिवस. कार्यशाळेतलं माझं कोरणं आणि एप्रन एका पिशवीतून घरी आलं. पिशवीत कुणीतरी प्रेमाने लोकरीचे लहान बूटही घातले होते.

आम्ही बसमधून उतरलो. बंदराची जुनी गोदामं पाडून तिथे फरशी घातली आहे, बाकं आहेत, रेलिंगपलीकडे पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग. आणि मध्ये ती. वळण घेतलं आणि ती एकदम अंगावर आली. दोन पुरुष उंच, जबडा उघडा, दात बाहेर, कपाळावरची दांडी पुढे झुकलेली आणि तिच्या टोकाला काचेचा गोळा. मी थांबले. मला वाटलं होतं मला रडू येईल. आलं नाही. मला आधी दिसलं की डावा पर माती सुकताना जरासा खाली झुकला होता तो तसाच ओतला आहे, आणि मग दिसलं की ती सुंदर आहे. माझ्या पोटाचा फुगीरपणा, वरून खाली येताना जिथे तो जड होतो ती जागा, सगळं धातूत तसंच्या तसं आलं होतं. जबड्यात दोन मुलगे चढून बसले होते आणि त्यांची आजी खालून फोटो काढत होती. "हस रे, तुला गिळलंय असं दाखव," ती म्हणत होती.

पाटी मी मोठ्याने वाचली, शेपूट म्हणाली म्हणून. सरांचं नाव, वर्ष, आणि खाली: अंधारात एकटीने वाट शोधणाऱ्या प्रत्येकीसाठी.

एकटीने. मनगटं तिथेच तापली. दिवा वाट शोधायला नसतो, शिकार बोलवायला असतो, पण ते सोडा. एकटी कशी? ती कधी एकटी असते? तिला एकटीने श्वास तरी घेता येतो का? आम्ही एवढा खटाटोप करून, पाठ मोडून, एक अशी बाई उभी केली जिच्या अंगाला माणूस चिकटलेला आहे, आणि त्यांनी पाटी काय लिहिली तर एकटी. लोक पाटी वाचत होते आणि मान हलवत होते. एक मुलगी पाटीबरोबर स्वतःचा फोटो काढून गेली.

"आई," शेपूट पोटाखालून ओरडली, "इथे नाहीये."

"मागच्या बाजूला बघ. शेपटीकडे."

"बघितलं. नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतेय."

मी वाकले, मग गुडघ्यांवर गेले, मग आत सरकले. अंगाला सवय होती, पण अंग आता तेवढं नव्हतं, कोट अडकला. जागा मला डोळे मिटून सापडली असती. मी हात वर केला. काही नव्हतं. सगळं पोट खडबडीत, मी एकेक खवला दाबून काढलेलं, आणि त्या एका जागी, तळहाताएवढी, गुळगुळीत. इतकी गुळगुळीत की बोट घसरलं. तिथे रंगही जरा उजळ होता, ओल्या ओठासारखा.

"तू म्हणालीस आहे," शेपूट म्हणाली. तिने मासा छातीशी धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, गोष्टीतला शब्द बदलला की बघते तशी. "मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय."

"होता."

"तू म्हणालीस आहे."

मी बाहेर आले तर एक माणूस बादली आणि फडकी घेऊन उभा होता. गुडघ्याला रबरी पट्टे, हातमोजे. ब्राँझला महिन्याकाठी मेण चोळावं लागतं, खाऱ्या हवेत नाहीतर ते हिरवं पडतं, आणि ते काम ओतशाळेचाच माणूस करतो. मी त्याला विचारलं की तुम्ही हिच्या घासकामाला होतात का.

"होतो की," तो म्हणाला. "सगळी शेपटीकडची बाजू माझीच. का हो ताई?"

"पोटावर इथे काहीतरी होतं."

"कुठे?" तो लगेच वाकला, हात घालून चाचपलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "हां, ते. खुंट राहिला होता तिथे. कसं असतं, धातू आत सोडायला आम्ही मेणाच्या नळ्या लावतो, मग ओतल्यावर त्या नळ्यांच्या जागी धातूचे खुंट राहतात. ते सगळे कापायचे. ह्या बाजूला बरेच होते, आणि त्यांत हा एक वाकडा. छोटा होता, पण चिवट. वेगळा बसतच नव्हता ग्राइंडरखाली. जसा काही अंगातूनच आलेला."

"त्याला डोळा होता," मी म्हणाले.

"बारीक भोक होतं," त्याने मान हलवली. "हवेचा बुडबुडा राहतो कधीकधी. म्हणून तर अगदी मुळापासून काढला, नाहीतर तिथून पाणी मुरतं. हात फिरवून बघा ताई. काही होतं म्हणून सांगता येणार नाही कुणाला. मुकादमसुद्धा म्हणाला, लेका, लोण्यासारखं केलंस."

मी हात फिरवला. खरंच लोण्यासारखं होतं. त्याला काय म्हणणार? मी सांधा दिसू दिला नव्हता. मी इतकं चांगलं चिकटवलं होतं की तो अंगातूनच आलेला वाटला. तो हातमोजा काढून माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता, शाबासकीची म्हणू या, आणि मी म्हणाले, "छान केलंय." शेपटीने माझ्याकडे पाहिलं. तो खूश होऊन जबड्याकडे मेण चोळायला गेला आणि मुलग्यांना म्हणाला, "उतरा रे, तिला दात घासायचेत."

मग मी सरांना फोन केला. रेलिंगशी जाऊन, पाठ वळवून.

"अगं तू? किती दिवसांनी," सर म्हणाले. त्यांच्या मागे पत्रा कापल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून मी फोन कानाला आणखी दाबून धरला. "बाळ कसं आहे?"

"बाळ आता बूट स्वतः घालतं, सर. मी बंदरावर आहे. हिच्या पोटावरचा नर काढून टाकलाय."

"काय काढलंय?"

"नर. शेपटीकडे, खालच्या बाजूला. अंगठ्याएवढा. खुंट समजून घासला."

"हां, ते पिल्लू."

"पिल्लू नव्हतं."

"अगं मला आठवतंय ना. तू तेव्हा त्या अवस्थेत होतीस. मी बघितलं आणि म्हटलं, लावतेय तर लावू दे, कशाला तिचं मन मोडा. कुणाला एका शब्दाने बोललो नाही मी."

मी रेलिंग धरलं. ते थंड होतं ते बरं झालं. म्हणजे त्यांनी तो पाहिला होता. पाहून, दया करून, सोडून दिला होता. मी कसलेलं मनगट वापरून एक गोष्ट म्हटली होती आणि त्यांना त्यात डोहाळे दिसले होते.

"तो नर होता, सर. त्या जातीत नर तेवढाच असतो. तिच्या रक्तावर जगतो. मी तुम्हाला चित्र दाखवलं होतं."

"असेल, असेल. पण खरं सांगू? त्याच्यावाचून रेषा स्वच्छ दिसते. तूच बघ ना. लांब जा आणि बघ."

मी बघितलं. लांब जावं लागलं नाही, रेलिंगपासून ती पुरी दिसत होती, कपाळापासून शेपटीपर्यंत एका दमात गेलेली रेषा. आणि ती खरोखर स्वच्छ होती. सरांचा डोळा कधी चुकत नाही. तेच मला सहन होईना.

"कुणीच नसलं की रेषा स्वच्छच असते, सर," मी म्हणाले.

ते मोठ्याने हसले. "बोलायला मात्र तीच आहेस हं. ये गं परत. मुलीची काही सोय झाली की ये. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. आणि एवढं वाटत असेल तर बसवून टाकू दुसरा, त्यात काय, कुणीतरी करेल."

मी फोन बंद केला. कुणीतरी करेल. सोय झाली की. ही माणसं किती चांगली बोलतात. लोकरीचे बूट पाठवतात, बाळाची चौकशी करतात, हाताचं कौतुक करतात, लोण्यासारखं काम करतात, आणि शेवटी त्या जागेवर बोट ठेवायला जावं तर बोट घसरतं.

पण राग नक्की कसला, हे त्या रेलिंगशी उभं राहून मला धडपणे सांगता आलं नसतं. गेली काही वर्षं मी मनात एकच वाक्य म्हणत आले आहे, भांडी घासताना, कपडे पिळताना, रात्री हिचा पाय माझ्या बरगडीत असताना: सोडा रे मला, जरा वेळ सगळ्यांनी सोडा. आणि इथे एक बाई उभी होती जिला सोडवलं होतं. मुळापासून, पाणी मुरणार नाही असं. तिचं सगळं खाणं आता तिचं, रक्त तिचं, दिवा तिचा. पाटीसुद्धा होती तशी. मला हेवा वाटायला हवा होता. त्याऐवजी मला वाटत होतं की ग्राइंडर घ्यावा आणि पाटीवर चालवावा, आणि ती लोण्यासारखी जागा कानशीने ओरबाडून ठेवावी, म्हणजे निदान इथे काही झालं होतं एवढं तरी कुणाच्या हाताला लागेल.

शेपूट तिच्याखाली उकिडवी बसली होती. प्लास्टरचा मासा तिने त्या गुळगुळीत जागेवर दाबून धरला होता, एका हाताने, दुसरा हात त्या हाताला आधार देत. पांढरा मासा, तपकिरी पोट. जागा बरोबर होती, तोंडाची दिशाही बरोबर होती. मी नमुना सारख्याच मापाचा केला होता. मी तिच्याजवळ जाऊन फरशीवर बसले. तिच्या केसांना दुपारच्या उशीचा वास येत होता, न झोपलेल्या झोपेचा.

"सोडला की पडतो," ती म्हणाली.

"हो. चल आता, ऊन उतरलं."

"मी गेले की पडेल."

"आपण डिंक आणू. उद्या चिकटवू."

तिने मान हलवली. मी काहीतरी मूर्खासारखं बोलले होते. "डिंकाने रक्त एक होत नाही."

पलीकडे तो माणूस जबडा पुसून खाली उतरला, बादली उचलून निघाला, जाताना आमच्याकडे बघून त्याने हात केला. मुलग्यांची आजी त्यांना कोट घालत होती. काचेच्या गोळ्यात दिवा लागला, अजून उजेड होता तरी, फिकट, कुणालाही न बोलावणारा. शेपटीचा हात भरून आला होता पण ती तो खाली घेत नव्हती. मी माझा तळवा तिच्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून मासा धरला.

"मीपण चिकटलेली होते ना तुला?" तिने विचारलं. "आतून?"

"हो."

"आणि तूच खायचीस आणि मला मिळायचं."

"हो."

"मग मला काढलं."

"डॉक्टरांनी. हो."

"तुला दुखलं?"

"दुखलं. थोडा वेळ."

मासा आता मी एकटीनेच धरला होता, तिने तिचा हात माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला होता आणि एक बोट ती त्या गुळगुळीत जागेच्या कडेकडेने फिरवत होती, खवले संपून जिथे काहीच नसलेलं सुरू होत होतं तिथून.

"मग मला काढल्यावर," ती म्हणाली, आणि बोट तिथून न उचलता तिने माझ्याकडे वळून पाहिलं, "तुला बरं वाटलं का गं?"